रॅम किती, आणि किती लांब?

बेंगळुरूचा एस. पी. रोड घ्या किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. दुकानात जाऊन ‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ एवढेच सांगा. समोरचा बहुधा झाकण न उघडताच म्हणेल, ‘रॅम टाका.’ हा सल्ला पुष्कळदा खरा ठरतो, म्हणून तर तो टिकून आहे. पण कधीकधी आठाची सोळा जीबी करूनही मशीन होते तसेच राहते आणि पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटतात. अनुभव दोन्ही खरे आहेत, कारण मेमरी आणि वेग यांचे नाते सरळ रेषेतले नाही. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत ते एकदा तर पूर्ण उलटे झाले आहे.

या विषयावर मते भरपूर आणि पुरावा कमी, अशी स्थिती असते. पटण्यासारखा पुरावा एकाच प्रकारचा: प्रोसेसर तोच, प्रोग्रॅम तोच, बदलायची ती फक्त मेमरी. असे प्रयोग कुणी मुद्दाम केले नाहीत तरी कॉम्प्युटरच्या इतिहासात ते होऊन गेले आहेत. कधी कंपनीच्या काटकसरीमुळे, कधी बाजाराच्या हिशेबामुळे. हा आढावा त्यांच्याच मागाने घेतला आहे.

सुरुवात मुंबईतून करू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ची मुख्य मेमरी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती. आजच्या हिशेबाने १० केबी. फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून ती तयार झालेली. अशा यंत्रापुढे चिंता एकच असे, गणित मावेल का? मावले तर झाले, नाही मावले तर त्याचे तुकडे पाडून एकेक तुकडा आत घ्यायचा. वेग हा नंतरचा प्रश्न होता.

घरगुती कॉम्प्युटर आले तेव्हाही जागेची ओढाताण तशीच होती, पण वेगाच्या बाबतीत गंमत होती. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रममधला झेड-८० प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झवर चाले, म्हणजे त्याचा एक ठोका सुमारे २८६ नॅनोसेकंदांचा. त्याच्या रॅममधल्या डीरॅम चिपा दीडशे-दोनशे नॅनोसेकंदांत उत्तर देत. मेमरी तयार होऊन बसलेली आणि प्रोसेसरच मागे! आजच्या कुठल्याही मशीनमध्ये याच्या नेमके उलट घडते.

तरीही स्पेक्ट्रमला मेमरी आडवी येई. कारण होते वाटणीचे. पडद्यावरचे चित्र म्हणजे रॅममधलेच ६,९१२ बाइट. ते सेकंदाला पन्नास वेळा वाचून टीव्हीकडे पाठवण्याचे काम यूएलए नावाच्या चिपकडे, आणि पहिल्या १६ केबी रॅमवर तिचा हक्क आधी. चित्र रेखाटले जात असताना प्रोसेसर त्या भागात आला, की यूएलए त्याला काही ठोके थोपवून धरी. वरच्या ३२ केबीशी मात्र तिचा संबंध नव्हता. परिणाम असा, की तोच प्रोग्रॅम, अक्षरही न बदलता, खालच्या रॅममध्ये हळू आणि वरच्या रॅममध्ये पूर्ण वेगाने चाले. ज्यांना आवाजाचा सूर अचूक हवा असे ते गेमकार तेवढा भाग कटाक्षाने वर ठेवत. स्वस्तातले १६ केबीचे मॉडेल घेणाऱ्याला वर जायला जागाच नव्हती. त्याला जागाही कमी आणि वेगही कमी. जादा रॅम म्हणजे नुसती जादा जागा नव्हे, हे दाखवणारा माझ्या माहितीतला हा सगळ्यात स्वच्छ प्रयोग. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवाना घेऊन काढलेला ‘डीबी स्पेक्ट्रम’ अनेक घरांत पोहोचला होता. त्यावर खेळलेल्या आणि आज पन्नाशीत असलेल्या वाचकांना टेपवरून गेम चढवताना लागणारी ती चार-पाच मिनिटे आणि कर्कश किंचाळणे आठवत असेल. तीही मेमरीचीच कथा, फक्त टोकाच्या लांबवरच्या मेमरीची.

याआधीच्या झेडएक्स-८१ मध्ये रॅम अवघी १ केबी आणि चित्र काढायला वेगळी चिपच नाही. ते काम प्रोसेसरच्याच गळ्यात. म्हणून त्याला दोन चाली दिल्या होत्या, ‘स्लो’ आणि ‘फास्ट’. फास्टमध्ये हिशेब साधारण चौपट वेगाने होई, पण तेवढा वेळ पडदा कोरा. कमोडोर ६४ मध्येही चित्राची चिप ठरावीक ओळींवर प्रोसेसरचे ठोके हिसकावून घेई. अपवाद बीबीसी मायक्रोचा. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ योजनेतून भारतातल्या शाळांत आलेले मशीन ते हेच. त्यात ६५०२ प्रोसेसर २ मेगाहर्ट्झवर होता आणि रॅम त्याच्या दुप्पट वेगाची. प्रोसेसर आणि पडदा आळीपाळीने मेमरी वापरत, आणि कुणालाच थांबावे लागत नसे. महागडी रॅम घेऊन सोडवलेला प्रश्न. पण जागेचे काय? एकूण ३२ केबी. त्यातले २० केबी सर्वांत बारीक चित्राच्या ‘मोड ०’ लाच लागत. म्हणून बहुतेक शिक्षक १ केबीत भागणाऱ्या ‘मोड ७’ मध्येच वर्ग चालवत असणार. चित्र हवे की प्रोग्रॅम, हा सवाल शाळकरी पोरांना तेव्हाच पडला.

आयबीएमने १९८१ मध्ये पीसी काढला तेव्हा दुसरा प्रयोग आपोआप घडला. इंटेलचे ८०८६ आणि ८०८८ हे प्रोसेसर आतून जवळपास एकच. फरक बाहेरच्या वाटेचा: ८०८६ एका खेपेला १६ बिट आणतो, ८०८८ आठच. आयबीएमने स्वस्त पडणारा ८०८८ निवडला. त्याला एक बाइट आणायला चार ठोके लागत. एका रजिस्टरमधून दुसऱ्यात आकडा हलवण्याची आज्ञा दोन बाइटांची. ती अमलात आणायला दोन ठोके, पण मेमरीतून उचलून आणायलाच आठ! म्हणजे जगभर ज्याची वाहवा झाली तो पीसी बराच वेळ आज्ञेच्या प्रतीक्षेत बसून असे. बेंगळुरूत विप्रोने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आपले पहिले मिनीकॉम्प्युटर बनवायला घेतले ते मात्र १६ बिट वाटेच्या ८०८६ वर.

पुढे बदनाम झालेली ६४० केबीची मर्यादा याच घराण्यातली. १ एमबीच्या पत्त्यांपैकी वरचे ३८४ केबी पडदा आणि इतर यंत्रणेसाठी राखले गेले. मराठीला या भिंतीची झळ लवकर लागली. इंग्रजी अक्षरांचे आकार चिपमध्येच कोरलेले. देवनागरीची जोडाक्षरे ठेवणार कुठे आणि जुळवणार कोण? आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि मोहन तांबे यांच्या चमूने पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढवलेले ‘जिस्ट’ कार्ड हे त्यावरचे उत्तर. लिपीचे ओझे पीसीच्या मेमरीवर न टाकता कार्डाने स्वतःकडे घेतले. इंग्रजीसाठी लिहिलेले डीबेस किंवा वर्डस्टार त्यामुळे मराठीत चालवता आले. भाषेच्या दृष्टीने या कार्डाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला ते मेमरीच्या टंचाईतून निघालेले एक फार हुशार यंत्र वाटते.

नात्याची उलटापालट ऐंशीच्या दशकात होत गेली. प्रोसेसरचे ठोके दरवर्षी भराभर वाढत राहिले. डीरॅमची क्षमता तशीच वाढली, पण तिची उत्तर देण्याची चाल मुंगीच्या पावलाने. कारण तिच्या रचनेतच आहे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये सुचवलेल्या आणि १९६८ मध्ये पेटंट मिळालेल्या या चिपमध्ये एक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि चिमूटभर विद्युतभार. म्हणून ती स्वस्त आणि दाट. पण तो क्षीण भार लांबच लांब तारेवर मोकळा सोडायचा, वाढवून वाचायचा आणि वाचताना नाहीसा झाला म्हणून परत भरायचा, एवढे सोपस्कार दर वेळी करावेच लागतात. १९९५ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या वुल्फ आणि मॅकी यांनी छोट्याशा टिपणात सांगितले, की हे असेच चालले तर प्रोसेसर कितीही वेगवान केला तरी एकूण वेग मेमरीच ठरवेल. ‘मेमरी वॉल’ हे नाव तेव्हापासून.

उपाय जुनाच होता. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्येच छोटी पण चपळ मेमरी मधे ठेवण्याची कल्पना मांडली होती, आणि १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ३६०/८५ मध्ये ती ‘कॅश’ या नावाने अवतरली. १९८९ च्या इंटेल ४८६ ने ८ केबी कॅश थेट चिपवर आणली. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचे नाव ज्याच्याशी जोडले जाते त्या १९९३ च्या पेंटियमने ती १६ केबी केली आणि मेमरीची वाट ६४ बिट रुंद. आज प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या कॅशमधून उत्तर चार-पाच ठोक्यांत येते, तिसऱ्या पातळीच्या कॅशमधून चाळीस-पन्नास ठोक्यांत, आणि रॅममधून यायला ८०-१०० नॅनोसेकंद, म्हणजे तीनशेहून अधिक ठोके. ज्याला आपण ‘फास्ट रॅम’ म्हणून विकत घेतो ती प्रोसेसरच्या नजरेतून फार लांब आहे.

कॅशचे मोल किती, याचा प्रयोग इंटेलने १९९८ मध्ये स्वतःच्याच अंगावर करून घेतला. स्वस्त मशीनसाठी त्यांनी पेंटियम-टू मधली दुसऱ्या पातळीची ५१२ केबी कॅश सरळ काढून टाकली आणि त्याला सेलेरॉन म्हटले. ठोके तेवढेच, गाभा तोच, तरी ऑफिसच्या साध्या कामांत तो इतका मागे पडला की समीक्षकांनी त्याची टर उडवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘३००ए’ आला: तोच गाभा, फक्त १२८ केबी कॅश, पण चिपवरच आणि पूर्ण ठोक्यांवर चालणारी. हा एवढासा बदल, आणि हेटाळणीचा विषय असलेला सेलेरॉन असेंबल करणाऱ्यांचा लाडका झाला. १२८ केबी! त्या काळातल्या मशीनमध्ये ३२ किंवा ६४ एमबी रॅम असे. त्या तुलनेत ही कॅश काहीच नव्हे. पण ती जवळ होती.

कॅश चालते ती एका विश्वासावर. आत्ता जे वापरले ते लवकरच पुन्हा लागेल, आणि त्याच्या शेजारचेही लागेल. म्हणून मेमरीतून एका वेळी ६४ बाइटांचा सलग तुकडा आणला जातो. दहा हजार ओळी आणि दहा हजार स्तंभांचा तक्ता सी भाषेत ओळीने बेरजेला घेतला, तर एका खेपेत आठ आकडे हाती येतात. तोच स्तंभाने घेतला तर दर खेपेत आठातला एकच कामी येतो आणि बाकीचे वाया. बेरीज तीच, उत्तर तेच, वेळ मात्र कित्येक पट. (बेंगळुरूतल्या नोकरीच्या मुलाखतींत लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगतात. तीच यादी मेमरीभर विखुरलेली असल्याने चालायला किती हळू असते, हे सहसा कुणी विचारत नाही.)

यानंतरची अडचण समजायला रॅमच्या पाकिटावरचे आकडे जरा बारकाईने पाहावे लागतात. सीएल म्हणजे मागितलेली माहिती येऊ लागेपर्यंत जाणारे ठोके. डीडीआर-४०० ची ठरलेली सीएल ३, म्हणजे १५ नॅनोसेकंद. डीडीआर३-१६०० ची सीएल ११, पावणेचौदा नॅनोसेकंद. डीडीआर४-३२०० ची सीएल २२, पुन्हा पावणेचौदा. डीडीआर५-४८०० ची सीएल ४०, साडेसोळाच्या वर! वीस वर्षांत पहिला बाइट यायला लागणारा हा वेळ तसूभर कमी झालेला नाही. वाढली ती रुंदी: सेकंदाला ३.२ जीबीवरून १२.८, मग २५.६, मग ३८.४. बेंगळुरूकरांना हा फरक वेगळा समजवायला नको. सिल्क बोर्डपासून पुढे कितीही उड्डाणपूल चढवा, तासाला जाणाऱ्या गाड्या वाढतील. पण रात्री दोन वाजता मोकळ्या रस्त्यानेही इलेक्ट्रॉनिक सिटी गाठायला जो वेळ लागतो, तो लेन वाढवून घटत नाही. ज्या कामात एकामागून एक सलग माहिती ओढायची असते, म्हणजे व्हिडिओ किंवा चित्र, तिथे नवी रॅम जाणवते. जिथे एक पत्ता वाचल्याशिवाय पुढचा कळत नाही, तिथे नाही. एक व्यावहारिक गोष्ट यातूनच निघते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीत सोळा जीबीची एकच स्टिक लावण्यापेक्षा आठाच्या दोन लावल्या, तर वाट दुप्पट रुंद होते आणि गेम चालवताना तो फरक डोळ्यांना दिसतो. किंमत जवळपास सारखीच.

मग ‘रॅम टाका’ हा सल्ला खरा कधी? रॅम अपुरी असेल तेव्हाच, पण तेव्हा तो शंभर टक्के खरा. मँचेस्टरच्या ॲटलस यंत्राने १९६२ मध्ये फिरत्या ड्रमलाच मेमरीचा भाग भासवण्याची युक्ती आणली, तेव्हापासून प्रोग्रॅम मावला नाही तरी चालू राहतो. चालू राहतो म्हणजे रॅममधली पाने (मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे) बाहेर टाकत आणि बाहेरची आत आणत राहतो. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये याचे गणित मांडले. प्रत्येक प्रोग्रॅमचा त्या क्षणाला लागणारा एक संच असतो. तो रॅममध्ये बसला तर सगळे सुरळीत, थोडाही बाहेर राहिला तर यंत्र पाने अदलाबदल करण्यातच गुंतून पडते. हळूहळू मंदावणे नाही, थेट कडेलोट. कारण रॅम शंभर नॅनोसेकंदांवर आणि फिरती डिस्क दहा मिलिसेकंदांवर, मधला फरक एक लाख पट. विंडोज ९५ ला मायक्रोसॉफ्टने किमान ४ एमबी सांगितली होती. तेवढ्यावर ते चालवून पाहिलेल्यांना डिस्कचा लाल दिवा अखंड पेटलेला आणि माउस गोठलेला आठवेल. तिथे आणखी चार एमबी टाकणे हा नव्या प्रोसेसरपेक्षा कितीतरी मोठा उपाय होता. एसएसडी आल्यापासून हा कडा बुटका झाला आहे, सपाट झालेला नाही. आणि संच मावल्यावर वर कितीही रॅम ओता, फारसे काही होत नाही. रिकामी जागा वेग देत नाही.

ही अपुरेपणाची बाजू बेंगळुरूत एका वेगळ्याच यंत्राने गंभीरपणे घेतली. भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय, आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये सिम्प्युटर ट्रस्ट उभा केला आणि २००१ मध्ये सिम्प्युटर लोकांपुढे आणला. खेड्यातल्या माणसाला परवडेल असा हातातला कॉम्प्युटर. २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, लिनक्स. हार्ड डिस्क नाही. असते ती फ्लॅश, आणि तिच्यावर पाने सतत लिहीत राहणे परवडणारे नाही. म्हणजे संच मावलाच पाहिजे. त्यातून काय निघाले पाहा. जड ब्राउझरऐवजी त्यांनी आयएमएल नावाची स्वतःची हलकी भाषा केली. अक्षरओळख नसलेल्यांसाठी ‘ध्वनी’ हे भारतीय भाषांत बोलणारे सॉफ्टवेअर लिहिले, तेही एवढ्याच जागेत बसणारे. आणि एक यंत्र गावात अनेकांनी वापरायचे तर प्रत्येकाची माहिती यंत्रात न ठेवता स्मार्ट कार्डवर, ज्याची त्याच्या खिशात.

२००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साथीने त्याचे ‘अमिडा’ रूप दहा हजारांच्या आसपासच्या किमतीपासून बाजारात आले, पण खप झाला नाही. लोक त्याला फसलेला प्रकल्प म्हणून मोकळे होतात. धंदा म्हणून तो फसलाच. मोबाइल फोन त्याच्यापेक्षा झपाट्याने स्वस्त झाले. पण मेमरीच्या बाबतीत त्या मंडळींचा अंदाज चुकला नव्हता. २०१७ मध्ये ५१२ एमबी रॅमचा जिओफोन आणि १ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या फोनांसाठी अँड्रॉइडची ‘गो’ आवृत्ती आली, तेव्हा जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांनाही हीच काटकसर नव्याने शिकावी लागली. त्याच सुमारास बाकीचे फोन मात्र सहा-आठ जीबीकडे चालले होते. निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्ये तक्रार केली होती की सॉफ्टवेअर जितक्या वेगाने जड होते तितक्या वेगाने हार्डवेअर वेगवान होत नाही. ज्या शहरात जगभरचे सॉफ्टवेअर लिहिले जाते तिथे ही तक्रार कार्यालयाच्या भिंतीवर लावायला हरकत नाही. तिथल्या प्रोग्रॅमरच्या टेबलावर ३२ जीबीचे मशीन असते. त्याचा ग्राहक चार जीबीच्या फोनवर ‘हँग होतोय’ म्हणत असतो.

मोठ्या यंत्रांचे थोडक्यात. १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात बनलेल्या परम ८००० मध्ये प्रत्येक प्रोसेसरला (त्याला ट्रान्सप्युटर म्हणत) स्वतःची वेगळी मेमरी होती. शेजाऱ्याकडचे हवे असल्यास निरोप धाडून मागायचे. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे कोणती माहिती कुणाच्या घरी ठेवायची हे आधी ठरवणे. महासंगणकांत ते आजही तसेच आहे. सी-डॅकने २००३ मध्ये बेंगळुरूत बसवलेला परम पद्म असो की भारतीय विज्ञान संस्थेतला २०२२ चा ३.३ पेटाफ्लॉप्सचा परम प्रवेग. प्रवेगची मांडणी पाहण्यासारखी आहे: बहुतेक नोडना १९२ जीबी रॅम, आणि दीडशेच्या वर नोडना चौपट, ७६८ जीबी. जनुकांची जुळणी किंवा मोठे आलेख यांसारखी कामे लहान नोडवर हळू चालत नाहीत, ती तिथे उभीच राहत नाहीत. म्हणून ही सोय. आणि रुंदीचा धडा हवा असल्यास जपानचा फुगाकू पाहावा. नेहमीच्या लिनपॅक चाचणीत ४४२ पेटाफ्लॉप्स. पण मेमरीवर ताण देणाऱ्या, प्रत्यक्ष शास्त्रीय गणितांच्या जवळ जाणाऱ्या एचपीसीजी चाचणीत १६. चार टक्केही नाहीत, आणि हा त्या चाचणीतला कौतुकाचा आकडा मानला गेला.

रॅम अवाढव्य झाली की नवेच दुखणे उपटते. इंटेल ३८६ पासून, म्हणजे १९८५ पासून, मेमरीचे पान ४ केबीचे आहे. ६४ जीबीत अशी १ कोटी ६७ लाखांहून जास्त पाने होतात, आणि कोणते पान कुठे आहे याची खतावणी ठेवणारी जवळची वही फार लहान असते. वहीत नोंद सापडली नाही तर ती शोधायलाच मेमरीत फेऱ्या. सध्या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत असलेले अर्कप्रव बसू आणि त्यांचे तेव्हाचे सहकारी यांनी २०१३ मध्ये दाखवले, की मोठी पाने वापरूनही काही सर्व्हरांचे दहा टक्क्यांपर्यंत ठोके या शोधाशोधीत जातात. रॅम वाढवल्यामुळे आलेली ही मंदी, एस. पी. रोडवर तिला औषध नाही.

आता माणसाशी संवाद करणारी भाषेची प्रारूपे, म्हणजे लँग्वेज मॉडेल. इथे मराठी पुन्हा मेमरीच्या वाटेवर येते. जुन्या इस्की संकेतात देवनागरीच्या एका चिन्हाला एक बाइट लागे, यूटीएफ-८ मध्ये तीन लागतात. मजकुराच्या फायलीत हे तिप्पट ओझे आज कुणाला जाणवत नाही. पण भाषा-प्रारूपात शब्दाचे टोकन, म्हणजे तुकडे पडतात, आणि इंग्रजी समोर ठेवून बनवलेल्या प्रारूपांत मराठी शब्दाचे तुकडे फार पडतात. प्रत्येक आधीच्या टोकनची आठवण संवाद संपेपर्यंत मेमरीत धरून ठेवावी लागते. लामा-२ च्या ७ अब्ज पॅरामीटरच्या प्रारूपात ती टोकनमागे अर्धा एमबी भरते. शब्दाचे पाच तुकडे झाले तर एका मराठी शब्दाला अडीच एमबी. म्हणजे ४८ केबीचे पन्नासहून अधिक स्पेक्ट्रम एका शब्दापायी! बेंगळुरूच्या सर्वम एआयने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिलेल्या २ अब्ज पॅरामीटरच्या ‘सर्वम-१’ मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी हे तुकडे पाडण्याचे कामच नव्याने केले. कंपनीच्या सांगण्यानुसार इतर बहुभाषिक प्रारूपांत शब्दाला चार ते आठ टोकन लागतात तिथे त्यांना १.४ ते २.१ पुरतात. भाषेवरच्या प्रेमाचा भाग वेगळा. ही सरळ मेमरीची आणि म्हणून वेगाची बचत आहे.

कारण या प्रारूपांत वेग म्हणजे निव्वळ रुंदी. ७ अब्ज पॅरामीटर, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे १४ जीबी. आणि एकट्या माणसाशी संवाद चालू असताना प्रत्येक नव्या टोकनसाठी ते सगळे एकदा वाचावे लागतात. डीडीआर५-४८०० च्या दोन स्टिकांची वाट सेकंदाला ७६.८ जीबीची, तर टोकन निघणार फार तर पाच. एनव्हिडियाच्या एच-१०० या एआय कार्डावर प्रोसेसरला खेटून रचलेली एचबीएम मेमरी सेकंदाला ३.३५ टीबी देते. तिथे कमाल सुमारे २४०. जगातले कारखाने मग एचबीएमकडे वळले यात नवल नाही. साध्या रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस कडाडले, आणि मायक्रॉनने डिसेंबरमध्ये ‘क्रुशल’ या नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम विकण्याचा धंदाच बंद करण्याचे जाहीर केले. भारतात डीरॅमचे वेफर बनत नाहीत. गुजरातेत साणंदला मायक्रॉनने २०२३ मध्ये जाहीर केलेला प्रकल्प जुळणी आणि चाचणीचा आहे. त्यामुळे हे भाव आपल्याला ठरतील तसे मोजावे लागणार.

माहितीची ने-आणच टाळावी, मेमरीतच हिशेब करावा, हा विचार नवा नाही, पण त्यातला एक ताजा प्रयत्न भारतीय विज्ञान संस्थेतला आहे. श्रीतोष गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये एका आण्विक पापुद्र्याबद्दल लिहिले. त्याच्या एका घटकात शून्य आणि एक अशा दोनच नव्हे, तर सुमारे १६,५०० वेगवेगळ्या अवस्था धरता येतात आणि गुणाकार-बेरीज तिथल्या तिथे होते. हे वाचून हुरळून जाण्याआधी इंटेलचे ऑप्टेन आठवावे. रॅम आणि एसएसडी यांच्या मधली जागा भरणारी ती मेमरी २०१७ मध्ये बाजारात आली. चांगली चालत होती, तरी २०२२ मध्ये कंपनीने तो व्यवसाय गुंडाळायला घेतला, कारण एका बिटाच्या भावात ती डीरॅम आणि फ्लॅश या दोघांच्या मधे चेपली गेली. बेंगळुरूच्या पापुद्र्यालाही ही परीक्षा चुकणार नाही: कोट्यवधी घटक एकसारखे निघतात का, किती वेळा लिहिल्यावर थकतात, आणि एका बिटाला पडतात कितीला.